टेलला पाणी पोचत नाही

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोच सहावीतला नातू वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "आबा, १९७२ चा दुष्काळ. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून दोन पानं लिहून आणायचीत." मी खुशीत चष्मा पुसला. नगरच्या माणसाला दुष्काळाबद्दल विचारणे म्हणजे कोकणातल्या माणसाला पावसाबद्दल विचारण्यासारखेच. (सरकारदरबारी आमचा जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला आहे, जुन्या जिभेवर मात्र अजून 'नगर'च येते.) मिलो नावाची परदेशातून आलेली लाल ज्वारी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, उन्हात खडी फोडायला बसलेली माणसे, पाझर तलावांची कामे, असे मी एकेक सांगत गेलो. नातू लिहीत होता. मग मान वर करून त्याने विचारले, "पण पणजीआजी कुठल्या कामावर होती? किती लांब चालत जायची? तिच्याबरोबर कोण असायचं?"

मी गप्प झालो. मला ठाऊक नव्हते. त्या वर्षी मी नऊ वर्षांचा होतो. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात प्यायच्या पाण्याचेही हाल होते, म्हणून आईने मला श्रीरामपूरकडे, पाटपाण्याच्या भागात मामाकडे धाडले होते. ती मागे राहून काय करत होती, ते मी पाहिलेच नव्हते.

पण न पाहिल्याचे दुःख नाही. दुःख याचे की आई ते मला सांगत होती. एकदा नव्हे, अनेकदा. शेवटची दोन वर्षे ती आमच्याकडे सावेडीला होती. संध्याकाळी दिवेलागणीनंतर खिडकीजवळच्या खाटेवर बसून ती जुन्या गोष्टी काढायची. मी शेजारच्या खुर्चीवर असायचो. निवृत्त माणूस, वेळच वेळ. पण हातात फोन. ती बोलायची, मी "हं", "मग?" म्हणायचो आणि अंगठ्याने पडदा वर सरकवायचो. एकदा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "तुझं होऊ दे, मग सांगते." त्यात राग नव्हता. माणूस कामात असला की आपण थांबतो, तशी ती थांबली. माझे काही झाले नाही, कारण ते होण्यासारखे नव्हतेच. २०२३ मध्ये ती गेली.

लहान मुलांच्या मोबाइलवेडावर आपण सगळेच तावातावाने बोलतो. मीही बोलायचो. नातवाच्या त्या प्रश्नानंतर माझी जीभ जरा जड झाली आहे.

खरे सांगायचे तर पडद्याचे वेड आपल्या पिढीला नवे नाही. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. आमच्या वाड्यात एकच टीव्ही. त्याच्यासमोर सतरंजी अंथरून पंचवीस-तीस माणसे बसायची. कुणी हात जोडायचे, कुणी भाजी निवडायचे. पण त्या पडद्याला शेवट होता. मालिका संपली की संपली, पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहायची. रात्री कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि टीव्ही स्वतःच सांगायचा, आता झोपा. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पुस्तकाला शेवटचे प्रकरण असते, पोथीला अध्याय असतो. माणसाला थांबायला अशी एक पायरी लागते.

संगणकाचेही तसेच. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. आमच्या कचेरीत पहिला संगणक आला, तेव्हा त्याला गार हवेची वेगळी खोली मिळाली, साहेबांना नव्हती. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. वर धूळ बसू नये म्हणून झाकण. काम झाले की झाकण घालायचे आणि बाहेर येऊन चपला घालायच्या. आज हसू येते, पण त्या चपलांत एक शहाणपण होते. यंत्राची एक जागा होती, वेळ होती, आणि तिथून बाहेर पडता येत होते.

पुढे यंत्र खिशात आले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि वाडीवस्तीवर पोचले. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आपणच मुलांच्या हातात फोन देऊन म्हणालो, ही तुझी शाळा. शाळा पुन्हा भरल्या, फोन हातातच राहिला. आणि थांबायची पायरी तर त्याआधीच काढून टाकली होती. पान संपले की दुसरे पान उघडावे लागू नये, बोट सरकवत गेले की मजकूर खालून येतच राहावा, ही युक्ती २००६ मध्ये बसवल्याचे श्रेय अझा रस्किन या अमेरिकन तंत्रज्ञाला दिले जाते. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. वाडग्याला तळच ठेवला नाही, तर जेवणारा उठणार कधी? म्हणून मुलांना 'मनावर ताबा ठेव' असे सांगताना हे लक्षात ठेवले पाहिजे की त्या एवढ्याशा मनासमोर शेकडो हुशार माणसांची अक्कल उभी आहे.

आता पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत पाणी दिसते, ते समजून घ्या.

कालव्यावर दोन प्रकारचे शेतकरी असतात. एक हेडचा, म्हणजे कालव्याच्या मुखाजवळचा. दुसरा टेलचा, म्हणजे शेपटाकडचा. पाणी सुटले की ते आधी हेडच्या शेतातून जाते. त्याने मर्यादेने घेतले तर सगळ्यांना पुरते. त्याने दारे उघडी टाकून उसाला रात्रंदिवस पाणी दिले, तर टेलचा माणूस चारीवर कोरड्या पाटाकडे बघत बसतो. धरण तेच आणि आवर्तनही तेच. कागदावर सगळ्यांना पाणी दिलेले असते, पण टेलला ते पोचत नाही. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणापासून आमच्या जिल्ह्याने हा तंटा पाहिला आहे.

दिवसाचे लक्षही असेच मोजके असते. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत जे काही धरणात आहे, ते तेवढेच. फोन हेडला बसला आहे. सकाळी उठल्याबरोबर पहिले पाणी तो घेतो, रात्री शेवटचेही तोच घेतो. आणि टेलला कोण? खाटेवरची आई. भाकरी थापता थापता काहीतरी सांगू पाहणारी बायको. दप्तर टाकून "बाबा, आज ना..." असे म्हणणारे पोर. ही माणसे भांडत नाहीत, कचेरीत अर्ज घेऊन येत नाहीत. ती "तुझं होऊ दे" म्हणून थांबतात. एवढाच फरक आहे.

आईच्या माघारी मी एकट्याने पुष्कळ प्रयत्न केले. फोन कपाटात ठेवला, तर मित्राचा फोन आला असेल या निमित्ताने दर दहा मिनिटांनी कपाट उघडले. सोमवारचा उपवास धरावा तसा फोनचा उपवास धरला, आणि उपवास सोडताना माणूस जसा साबुदाण्यावर तुटून पडतो तसा मंगळवारी पडलो. फोनमध्येच दिवसाचा हिशेब दाखवणारी सोय असते. सुनेने ती उघडून दिली. आकडा निघाला पाच तास चाळीस मिनिटे! कचेरीत एवढे काम केले असते तर बढती मिळाली असती.

हे एकट्याने का जमत नाही, याचे उत्तर मला आमच्याच भागातल्या गावांनी दिले.

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्याचे नाव २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सगळीकडे गाजले. आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड, असा ठराव तिथल्या ग्रामसभेने केला. शिव्यांची बातमी मोठी झाली; पण त्याच वेळी गावाने आणखी एक ठरवले, की शाळकरी मुलांनी संध्याकाळी सात ते नऊ मोबाइल वापरायचा नाही. त्याआधी दोन वर्षे, सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने याहून पुढचे पाऊल टाकले होते. १४ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेत ठरले आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. मुलांनी त्या दीड तासात अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांनी हे प्रथम सुचवले तेव्हा पुरुषमंडळींनी थट्टा केली, असे सांगतात. मग बायकांची बैठक घेतली. त्यांनी आपलेही मालिकांचे वेड कबूल केले आणि सगळ्या गावाने बंद ठेवायला होकार दिला. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून आठवण करून देत.

यातली मेख भोंग्यात नाही, 'सगळ्या गावाने' या दोन शब्दांत आहे. एकाच घराने फोन ठेवला तर पोरगे शेजारी जाऊन बघते. एकाच शेतकऱ्याने शेळी बांधली आणि बाकीच्यांच्या शेळ्या मोकळ्या, तर डोंगरावर गवत कसे वाढणार? चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द आमच्या जिल्ह्याने उगीच रुजवले नाहीत. नगर तालुक्यातले हिवरे बाजार पोपटराव पवारांच्या पुढाकाराने उभे राहिले, ते अशाच एकमेकांना बांधून घेतलेल्या शब्दांवर.

त्याच हिवरे बाजारची आणखी एक गोष्ट मला या बाबतीत फार मोलाची वाटते. तिथे दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, ते मोजतात आणि ग्रामसभेत पिके ठरवतात. आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग शेतीचे. ऊस, केळी ही भरमसाट पाणी पिणारी पिके नकोत. आणि शेतीसाठी बोअर पाडून खोलवरचे पाणी उपसायचे नाही. पाण्याला तिथे कोणी शत्रू म्हणत नाही. पण त्याला मोकाटही सोडत नाहीत.

फोनच्या बाबतीत आपण नेमकी इथे गल्लत करतो. आपण त्याला दारूच्या रांगेत बसवतो आणि बंदीची भाषा बोलतो. राळेगणसिद्धीत एके काळी पिणाऱ्याला खांबाला बांधून शिक्षा झाल्याच्या हकिकती सर्वांना ठाऊक आहेत, आणि त्यावरचा वादही. दारूबाबत ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण फोनबाबत ते मुळातच लागू पडत नाही. दारूवाचून कोणाचे अडत नाही. फोनवाचून कांद्याचा भाव कळत नाही, बँकेचे काम होत नाही, परदेशातल्या लेकीचे तोंड दिसत नाही. ज्याचा त्याग करता येत नाही, त्याचा ताळेबंदच मांडावा लागतो.

व्यसनाच्या थराला गेलेल्या माणसाची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत खेळाच्या व्यसनाला, म्हणजे गेमिंगला, जागा दिली आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून अशा रुग्णांसाठी स्वतंत्र सेवा आहे. जेवण, झोप, शाळा सुटेपर्यंत मूल पडद्यात गेले असेल, तर त्याला रागावू नये, डॉक्टरांकडे न्यावे. मी बोलतो आहे ते तुमच्याआमच्यासारख्या, दिसायला धडधाकट घरांबद्दल.

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडे. नातवाच्या त्या प्रश्नानंतर मी गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत विषय काढला. हसे झाले. "आबा, तुम्हीच तर सकाळी पाचला सुप्रभातची फुलं पाठवता!" खरे होते ते. मी म्हणालो, आधी माझ्यापासून सुरू करू. तीन बिऱ्हाडे तयार झाली, कारण त्या तीन घरांतली पोरे एकत्र खेळतात.

वेळ ठरवताना पहिली अडचण आली. तळमजल्यावरच्या आजी एकट्या असतात. त्यांची मुलगी अमेरिकेत. तिची सकाळ ती यांची संध्याकाळ. सातला फोन बंद म्हटले तर त्यांचे पिण्याचे पाणीच तोडल्यासारखे. म्हणून साडेसात ते नऊ ठरले आणि आजींना मोकळीक. दुसरी अडचण माझा मुलगा. तो संगणकाच्या कंपनीत, काम घरून, रात्री परदेशी साहेबांच्या बैठका. तो म्हणाला, "बाबा, माझं पोटच त्यावर आहे." पोटाला पाणी दिलेच पाहिजे. पण त्याने एक कबूल केले. बैठक संपली की संगणकाचे झाकण लावायचे, आणि जेवताना फोन ताटाशेजारी नको.

आईची धान्य मोजायची लोखंडी पायली माळ्यावर होती. ती काढली, घासली आणि दिवाणखान्यात ठेवली. साडेसात झाले की घरातले फोन पायलीत. रात्री तेच फोन बाहेरच राहतात. झोपायच्या खोलीत नेायचे नाहीत. ही आमची बोअरबंदी. रात्रीची झोप हे खोलवरचे पाणी आहे, ते उपसले की वर्षभर भरून निघत नाही. दोन वर्षांच्या नातीला जेवताना पडदा बंद केला. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असला तर बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. तिने तीन दिवस थयथयाट केला. चौथ्या दिवशी ती वरणभात अंगाला फासू लागली. सून म्हणाली, निदान काय खाते आहे ते तिला कळतंय तरी.

सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. पहिल्या आठवड्यात मी स्वतः न्हाणीघरात फोन नेऊन बघताना पकडला गेलो. पकडणारा नातू होता, त्यामुळे दंड म्हणून त्याच्याबरोबर बुद्धिबळाचे तीन डाव खेळावे लागले. तीन बिऱ्हाडांपैकी एकाने दिवाळीनंतर अंग काढून घेतले. क्रिकेटचा सामना असला की नियम वाकतो. माझा पाच तास चाळीस मिनिटांचा आकडा दोनवर आला आणि पुन्हा तीनवर गेला. पण साडेसात ते नऊ हा दीड तास बहुधा टिकून आहे. पहिले दहा दिवस त्या दीड तासात करायचे काय, हेच कळत नव्हते. माणसे एकमेकांकडे पाहुण्यासारखी बघत बसायची. मग हळूहळू बोलणे सुरू झाले. आधी वीजबिलाचे, मग शेजाऱ्यांचे, मग स्वतःचे.

आमच्या खात्यात एक जुना नियम आहे, टेल टू हेड. आवर्तन सुटले की आधी शेपटाकडच्या शेतांना पाणी द्यायचे आणि मग एकेक करत मुखाकडे यायचे. कारण हेडचा माणूस उपाशी राहत नाही, त्याच्या दारावरूनच पाणी जाते. मला वाटते, फोनवरचा सगळा उपाय या तीन शब्दांत आहे. फोनला कधी लक्ष कमी पडणार नाही. ते तो आपले आपण घेतो. आधी टेलला द्यावे. दिवसातला ताजा, भरलेला एक वेळ घरातल्या माणसांच्या नावे लिहून ठेवावा, आणि तो मोठ्यांनी आधी पाळावा. उरलेले पाणी फोनला. उरते तेही पुष्कळ असते.

नातवाची दोन पाने तशीच राहिली होती. एका रविवारी त्याला घेऊन मी गावी काकूकडे गेलो. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, आता ऐंशीच्या घरातली. फोन पिशवीत ठेवले आणि ओट्यावर बसलो. नातवाने वही उघडून तेच तीन प्रश्न विचारले. काकूला सगळे ठाऊक होते. दोघी जावा बरोबरच जात, पाझर तलावाच्या कामावर, पहाटे निघून दीड कोस. आई पाट्या वाहायची, काकू माती भरायची. "आणि सुकडी मिळायची ना," काकू म्हणाली, "ती तुझी पणजी सगळी नाही खायची. अर्धी पदराला बांधायची, वाळवून डब्यात ठेवायची. भाऊजी श्रीरामपूरला निघाले की त्यांच्याबरोबर धाडायची, पोराला."

मला ती आठवली. मामाच्या घरी अधूनमधून गोडसर काहीतरी खायला मिळायचे. ते मामा बाजारातून आणतो, असे मी त्रेपन्न वर्षे समजत होतो.

आईने हे मला सांगितले असेल का? सांगितले असणार. मी "हं" म्हटले असणार.

नातवाने दोनाऐवजी पाच पाने लिहिली. निघताना काकू म्हणाली, "अजून लई हाय, पण आता तुमची गाडी जाईल." मी म्हटले, "जाऊ दे. दुसरी आहे. तुमचं होऊ दे."